ज्याचं पोतं त्यालाच

भातगिरणीत काही साठून राहत नाही. तांदूळ मालक घेऊन जातो, कोंडा गोठ्यात जातो, तूस वीटभट्टीवाले भरून नेतात. साठतात ते फक्त किस्से! कामशेतच्या आमच्या गिरणीत मी तीस वर्षं काट्यावर आहे. पोतं फाटकातून आत आलं की पहिल्यांदा माझ्यासमोर येतं, पोत्याबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर त्याची गोष्ट येते. चहाला चार जण जमले की म्हणतात, शंकरभाऊ, सांगा एखादा. एखाद्यावर कधी कुणाचं भागलंय?

गेल्या हंगामापासून मात्र सगळे एकाच विषयावरचे किस्से मागतात. गिरणीचा जुना कॉम्प्युटर प्रोग्राम ठेवायचा की बदलायचा, त्याचे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसबिऊस काही नाही. कॉम्प्युटर तीनदा बदलला, प्रोग्राम तोच. कुणाचं भात कुठल्या खणात आहे, किती ओलं आहे, मशीनवर कधी जाणार, सगळं त्यात. आमच्या ऑफिसातल्या जयश्रीताईंनी सत्तावीस वर्षांपूर्वी तो इथंच बसून लिहिला. आता पाडव्याला त्या निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय तो प्रोग्राम कुणाला वाचतासुद्धा येत नव्हता. मालक आबा अठ्ठ्याहत्तरचे. त्यांची नात मृण्मयी पुण्यातली नोकरी सोडून गिरणी बघायला लागलेली. तिने एके दिवशी सरळ विचारलं, पाडव्यानंतर काय करायचं?

प्रश्न प्रोग्रामचा होता, पण एका बाईची सत्तावीस वर्षं ठेवायची की पुसायची, असाच तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

*

आधी हा प्रोग्राम आला कसा ते ऐका.

मावळातला माणूस बाजारातून काहीही आणेल, पण घरात शिजणारा तांदूळ त्याला स्वतःच्या खाचराचा लागतो. शेजाऱ्याचा इंद्रायणी आपल्याइतकाच चांगला असेल, तरी तो शेजाऱ्याचा. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाचं भात वेगळं ठेवतात, वेगळं भरडतात आणि दोघांच्या मध्ये मशीन रिकामं फिरवून घेतात. तर एका वर्षी वहीतल्या चुकीमुळे एकाच भावकीतल्या दोघांची पोती बदलली. दोघांचं आधीच बोलणं नव्हतं. दोघांनी एकमेकांचा तांदूळ दोन दिवस खाल्ला, आणि कळल्यावर दोघं अर्धी पोती घेऊन गिरणीत भांडायला आले. आबा हात जोडून मध्ये उभे. शेवटी एक जण म्हणाला, "आबा, माणूस तुमी लय चांगलं, पन तुमच्या वहीवर आमचा इस्वास न्हाई."

ते आबांना लागलं. आंबीच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि तळेगावच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकलेल्या जयश्रीताईंना कामावर घेतलं. त्या तेव्हा तिशीच्या आतल्या. पहिले पंधरा दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. माझ्याशेजारी काट्यापाशी स्टूल टाकून नुसत्या बसायच्या. मी गावभर सांगितलं, आबांना गंडवलं कुणीतरी, या बाईला मशीनची भीती वाटते!

सोळाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "शंकरभाऊ, भिजलेलं पोतं आलं की तुम्ही ते नेहमी डाव्या हाताला का ठेवता?"

मी तीन वर्षं डाव्या हाताला ठेवत होतो, आणि ठेवतो हे मलाच माहीत नव्हतं! त्यानंतर मी गावात त्यांच्याबद्दल काही बोललो नाही.

*

पवना धरणाकडच्या एका गावात आमची सात गिऱ्हाइकं एकाच नावाची. बबन सखाराम शिंदे. नाव तेच, बापाचं तेच, गाव तेच. म्हणून ताईंनी नावाशेजारी एक जादा रकाना केला, 'ओळख'. पंधरा अक्षरांचा. नियम असा की ओळख गिऱ्हाइकाने स्वतः सांगायची, आम्ही लावायची नाही. नाहीतर गावातली टोपणनावं तुम्हाला माहीत आहेत. छापली असती तर एक पोतं शांततेत बाहेर गेलं नसतं.

पहिला बबन म्हणाला, विहीरवाला लिहा. दुसरा शाळेमागचा, तिसरा मिलिटरीतला. चौथा बायकोला घेऊन आलेला. त्याने बराच विचार केला, टोपी काढली, परत घातली, बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "लिवा, हिला विचारून."

ताईंनी तेच लिहिलं. पंधरा अक्षरांत बसलं. तेव्हापासून त्याच्या पोत्याच्या चिठ्ठीवर येतं, 'बबन सखाराम शिंदे, हिला विचारून'. आमचा हमाल ते मोठ्याने पुकारतो. बबन जागचा हलत नाही, त्याची बायको उठते.

*

तर मृण्मयीने पुण्याहून एका कंपनीचा इंजिनियर बोलावला. निखिल नाव. पोरगा हुशार आणि वागायला अदबशीर. त्याने काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघितली आणि हळूच विचारलं, "हे अजून चालतं?"

आबा खुर्चीतून म्हणाले, "चालतंय तवर तुला बोलावलंय. बंद पडल्याव बोलावून काय उपेग?"

मग त्याने बॅकअप कुठे ठेवता ते विचारलं. म्हणजे सगळ्या नोंदींची जादा प्रत. ताईंनी टेबलाखालून जेवणाचा डबा काढला. तीन कप्प्यांचा. वरच्यात पोळी, मधल्यात भाजी, खालच्यात पेन ड्राइव्ह. रोज संध्याकाळी प्रत काढून घरी न्यायची, सकाळी परत आणायची. त्यांचं म्हणणं असं की गिरणीला आग लागली तर गिरणी जाईल, पण कुणाचं भात किती होतं ते राहिलं पाहिजे. निखिलने मान डोलावली. हसावं की नाही, असा त्याला प्रश्न पडला असेल.

मला मात्र तो दिवस आठवला. ताईंचे यजमान आंबीला कारखान्यात. त्यांचा डबा अगदी तसाच. एके सकाळी डबे बदलले. दुपारी ऑफिसात फोन वाजला, मीच घेतला. यजमान फार शांत माणूस. म्हणाले, "तिला सांगा, वरच्या कप्प्यात पोळी आहे, मधल्यात भाजी आहे, आणि खालच्यात अख्खं मावळ आहे. माझा भात कुठंय?"

*

निखिल दोन दिवस जुन्या प्रोग्रामशी खेळत बसला. काय काय चुकीचं टाकून बघत होता. एका पोत्याचा ओलावा त्याने मुद्दाम नव्वद टक्के टाकला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, 'थांबा. घाई नको. काट्यावर विचारा.'

त्याने ताईंना विचारलं, पुढे प्रोग्राम काय करतो? ताई म्हणाल्या, काही नाही, बाहेर जाऊन शंकरभाऊंना विचारायचं. तो म्हणाला, अहो, पण त्याचं कोडिंग कुठंय? ताई म्हणाल्या, ते काय बाहेर बसलेत, बिडी ओढत.

हे खरं होतं. ओलावा किंवा वजन विचित्र आलं तर माणसाने पोत्यात हात घालून बघायला हवं, त्याला दुसरा उपाय नाही. निखिल बाहेर आला आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. म्हणाला, भाऊ, आजवर इतकी सॉफ्टवेअर बघितली, त्यातला जिवंत भाग पहिल्यांदाच भेटतोय.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. घरी जाऊन बायकोला सांगितलं की मी सॉफ्टवेअरचा भाग आहे. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आंघोळीचं बी त्यात लिवलंय का कुटं?"

*

मग ठरलं की हंगामात महिनाभर दोन्ही चालवून बघायचे. जुना टेबलावर, नवा निखिलच्या लॅपटॉपवर.

जुन्या प्रोग्राममध्ये निखिलला एक ओळ सापडली. बाजाराच्या दिवशी दुपारी बारानंतर पवनेकडच्या सहा गावांचे नंबर आपोआप पुढे सरकायचे. त्याने मृण्मयीला बाजूला घेऊन विचारलं, आबांचे पाहुणे आहेत का तिकडे? मृण्मयीला लाज वाटली. तिच्या आजोबांच्या गिरणीत वशिला! तिने सांगितलं, नव्यात ही ओळ नको, जो आधी येईल त्याचा नंबर आधी.

बाजाराचा दिवस आला. अगदी न्यायाने काम चाललं. आणि संध्याकाळी सव्वापाचला चौदा माणसं आपापल्या पोत्यांवर बसून होती, कारण पवनेकडची शेवटची एसटी पाचला जाते.

मृण्मयीने स्वतः पिकअप काढली. दोन खेपा केल्या. निखिलला तिने पुढे बसू दिलं नाही, मागे पोत्यांवर बसवलं, आणि तो रस्ता कसा आहे ते तिकडे गेलेल्यांना विचारा. परत आल्यावर तो चहासुद्धा न घेता लॅपटॉपसमोर बसला आणि ती ओळ त्याने आत घातली. मग ताईंना म्हणाला, मॅडम, कारण शेजारी लिहून ठेवायचं ना.

ताईंना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "एसटीची वेळ कुणाला माहीत नसते?"

*

पुढचा किस्सा लोहगडवाडीच्या मावशींचा. गडाच्या वाटेवर त्यांचा पिठलं-भाकरीचा स्टॉल आहे. पंचाहत्तरी उलटलेली, पण आवाज खणखणीत. त्या तीन पोती भात घेऊन आल्या, आणि अर्ध्या तासात त्यांचा तांदूळ तयार! एरवी दोन-अडीच तास लागतात. निखिल खूश. त्याच्या सॉफ्टवेअरने एक शक्कल काढली होती. एकाच जातीचं, एकाच प्रतीचं भात ते एकच धरायचं, आणि त्या भाताचा जेवढा तांदूळ निघेल तेवढा आधी भरडून तयार असलेल्यातून देऊन टाकायचा. मोठ्या गिरण्यांत म्हणे असंच चालतं.

आमच्याकडे रिवाज असा की पोत्याचं तोंड शिवायच्या आधी धन्याने मूठभर तांदूळ हातात घेऊन बघायचा. मावशींनी घेतला. चोळला, वास घेतला, दोन दाणे दाताखाली धरले आणि मूठ परत पोत्यात सोडली.

"ह्यो माझा न्हाई."

निखिलने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. जात तीच, लांबी तीच, ओलावा तोच, वजन उलट शंभर ग्रॅम जास्तच. मावशींनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेकरा, तुजं पोर आन् शेजाऱ्याचं पोर, दोगं बी एकाच यत्तेत हायेत. शाळा सुटल्याव कंचं बी घरी आनशील का?"

निखिल म्हणाला, मावशी, माझं लग्न नाही झालेलं.

"मंग आदी लगीन कर. मशीन मागनं इक."

ताईंनी तोवर जुन्या प्रोग्राममध्ये बघितलं होतं. मावशींचं भात अजून सहा नंबरच्या खणात जसंच्या तसं होतं. मावशी अडीच तास सावलीत बसल्या आणि आपला तांदूळ घेऊन गेल्या. जाताना निखिलच्या हातात कैरीचं लोणचं देऊन गेल्या. राग नव्हता त्यांचा.

*

हे सगळं झाल्यावर आम्ही काय म्हणत असू ते तुम्हाला कळलंच असेल. हमालांपासून आबांपर्यंत सगळ्यांचं एक मत. जुनं ते सोनं! पुण्याची कंपनी आली काय आणि लॅपटॉप आला काय, आमच्या ताईंपुढे पाणी भरतात. मी तर काट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तीन किस्से सांगत होतो, बबनचा, एसटीचा आणि मावशींचा.

त्यातच माझ्या भाचीचं लग्न निघालं. मी दोन दिवस खेडला. नेमका त्यातल्या दुसऱ्या दिवशी ताईंना ताप भरला. बाई कधी रजा न घेणारी, पण उठवेना. गिरणीत मृण्मयी होती, तिने जुना प्रोग्राम चालू केला, सकाळची पाच-सात पोती नीट गेली. मग कार्ल्याकडचं एक पोतं आलं, चांगलंच ओलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'थांबा. घाई नको. काट्यावर विचारा.'

मृण्मयी काट्यावर आली. काट्यावर गणपत हमाल. तो म्हणाला, मला काय ठावं, मी उचलतो नुसता.

मला फोन केले. मी वरातीत, बँडच्या मागे! ताईंचा फोन यजमानांकडे, आणि त्या गोळी घेऊन झोपलेल्या. ते ओलं पोतं बाजूला सारून पुढचं घ्यायचं, तर प्रोग्राम पुढे सरकेना. नव्या सॉफ्टवेअरवर तर आता कुणाचाच भरवसा नाही. चार तास मशीन उभं. वीस माणसं शेडमध्ये बसून राहिली. त्यात एक बाई अंगावरचं मूल घेऊन आलेली. संध्याकाळी मी मोबाइल बघितला तर अकरा मिस्ड कॉल.

दुसऱ्या दिवशी गिरणीत नुसती मजा. हमाल म्हणाले, बघा, हे दोघं नसले की गिरणी आंधळी. आबा हसले. मीही हसलो, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तेही सांगायला लागलो, चौथा किस्सा म्हणून.

तीन दिवसांनी ताई कामावर आल्या. त्यांनाही मी रंगवून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला. मग एवढंच विचारलं की त्या मूलवाल्या बाईचं गाव कुठलं, आणि ती घरी कशी गेली. मला माहीत नव्हतं.

*

संक्रांतीनंतर आबांनी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. निर्णयाचा दिवस. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी पोत्यावर बसलो.

आबा म्हणाले, जुनंच ठेवू. मृण्मयी म्हणाली, मीच नव्याचा हट्ट धरला होता, पण मलाही आता जुनंच पटतंय. निखिलचं तर पोट यावर, तरी तो म्हणाला की इतका विचार करून लिहिलेलं काम मी पुण्यात बघितलं नाही, मी हेच कसंबसं चालू ठेवून देतो. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी मी दिलं. सगळे ताईंकडे बघायला लागलो. आम्हाला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. शाल-नारळाचं आमचं आधीच ठरलं होतं.

ताई म्हणाल्या, "बदला."

आबांनी विचारलं, "का गं? तुजं हाताचं काम हाय."

"आबा, वीस माणसं चार तास बसून राहिली आणि तुम्ही सगळे त्याचं कौतुक करत होता. माझ्यावाचून अडावं म्हणून मी हे लिहिलं नव्हतं. ज्याचं पोतं त्याला मिळावं म्हणून लिहिलं होतं."

मी पोत्यावरून उठलो आणि बाहेर काट्यावर जाऊन बसलो. मला माझी लाज वाटली. चौथा किस्सा मी त्या दिवसापासून सांगत नव्हतो. आज सांगितला, कारण पुढचं त्याशिवाय कळत नाही.

*

पाडव्याला ताई निवृत्त झाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर. नव्याचं काम पुरं होईपर्यंत त्या येत राहिल्या. निखिलला त्यांनी पहिली अट घातली, पंधरा दिवस लॅपटॉप उघडायचा नाही, शंकरभाऊंशेजारी बसायचं. तो बसला. चौथ्या दिवसापासून पोत्यांना हात लावायला लागला, आठव्या दिवशी हात घालून ओलावा सांगायला लागला. चुकत होता, पण सांगत होता.

मग दोघांनी मिळून जुना प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. ताई कारण सांगायच्या, निखिल लिहून घ्यायचा. ओलं पोतं डाव्या हाताला, का? बाजाराच्या दिवशी पवनावाले पुढे, का? श्रावणात आंबेमोहोर इंद्रायणीच्या आधी, का? प्रत्येक ओळीमागे कुठलं तरी पोतं, कुठला तरी माणूस. एकेका ओळीवर ताई अर्धा तास बोलायच्या. मी हे सगळं तीस वर्षं जगलो, पण ते कुणी असं ओळीने मांडून ठेवलं असेल हे मला ठाऊक नव्हतं. ऐकताना अंगावर मूठभर मांस चढायचं.

'काट्यावर विचारा' हे मात्र ताईंनी काढायला लावलं. मला वाईट वाटलं. त्यांनी त्या जागी निखिलकडून मोठी यादीच लिहून घेतली. काय बघायचं, हात कुठवर घालायचा, दाणा दाताखाली कसा वाजला की काय समजायचं, आणि तोवर ते पोतं बाजूला ठेवून पुढचं कसं घ्यायचं. सगळं माझ्याकडून वदवून घेतलेलं. खाली लिहिलं, 'माहिती: शंकरभाऊ, काटा'. बायकोला नेऊन दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि भाकरी थापायला बसली.

गणपतीत काम पुरं झालं. जुना कॉम्प्युटर ताईंनी स्वतः बंद केला, वर फडकं टाकलं आणि घरी गेल्या. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या आल्या नाहीत.

*

आणि आता या हंगामातला. नव्या सॉफ्टवेअरचा पहिलाच हंगाम, त्याचा तिसरा-चौथा दिवस. निखिल पुण्याहून मुद्दाम आलेला. मृण्मयी सकाळपासून आत-बाहेर करत होती. फाटकाबाहेर टेम्पोंची रांग, आणि रांगेत सतराव्या नंबरच्या टेम्पोत, चालकाशेजारी, जयश्रीताई.

मी धावत गेलो. म्हटलं, ताई, पुढे घ्या. त्या म्हणाल्या, नंबर येऊ द्या. दीड तासाने टेम्पो काट्याशी लागला आणि गणपतने तीन पोती भात माझ्यापुढे टाकलं.

"कुणाचं हे, ताई?"

"माझं. आंबीच्या आमच्या खाचरातलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ताईंच्या सासरी आंबीला भात पिकतं हे मला माहीत होतं. सत्तावीस वर्षं त्या माझ्यापासून वीस पावलांवर बसायच्या. आणि त्यांचं एकही पोतं मी कधी तोललं नव्हतं! विचारलं, आजवर भरडायला कुठे नेत होता? म्हणाल्या, खेडला. दोन एसट्या बदलून. का? तर म्हणाल्या, जिच्या हातात नोंद, तिचं पोतं त्याच रांगेत कशाला, उगाच कुणाच्या मनात यायला नको.

मी वजन केलं. मग परत एकदा केलं. निखिलने नोंद घेतली, चिठ्ठी निघाली. ताई चिठ्ठी घेऊन शेडमध्ये इतर बायकांबरोबर जाऊन बसल्या. ऑफिसात एकदाही डोकावल्या नाहीत. मृण्मयीने चहा पाठवला तर शेजारच्या बाईला आधी दिला.

अडीच तासांनी दोन पोती तांदूळ ओट्यावर आला. गणपतने रिवाजाप्रमाणे तोंडं उघडी ठेवली. हमाल थांबले. मृण्मयी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, निखिल तिच्या मागे. आबासुद्धा काठी टेकत बाहेर आले. पुढच्या गिऱ्हाइकाला काही कळेना, तोही बघायला लागला.

ताई ओट्यापाशी आल्या. गणपतकडून दाभण आणि सुतळी मागून घेतली. पहिल्या पोत्याचं तोंड गोळा केलं आणि शिवायला लागल्या.

मृण्मयीला राहवेना. म्हणाली, "ताई, आधी मूठभर हातात घेऊन बघा तरी."

ताईंनी टाका ओढून घट्ट केला, गाठ मारली आणि दुसरं पोतं पुढे ओढलं.

"कशाला? माझाच आहे की."